दुपारचा रकाना

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी कामिनी दाराशेजारच्या खिळ्यावरचं थर्मामीटर बघायची आणि कडेच्या पत्र्यावर खडूनं आकडा लिहायची. तारीख, वेळ, अंश. पत्रा भरला की आकडे वहीत उतरवून घ्यायचे, ओल्या फडक्यानं पत्रा पुसायचा आणि वरच्या कोपऱ्यापासून पुन्हा सुरुवात करायची. जळगावच्या असोदा रस्त्यावर ‘भोळे ऑटो इलेक्ट्रिक’ उघडल्यापासून यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. रस्त्यानं दूध घालायला जाणारे लोक आता तिलाच विचारायचे, “आज किती गं कामिनी?”

हा नाद तिला वडिलांनी लावला होता. तोताराम भोळे असोद्याला केळी करायचे. पेपरात छापून आलेलं तापमान वाचलं की त्यांचं डोकं फिरायचं. “त्याहिचं यंत्र सावलीत उभं,” ते म्हणायचे, “अन् माही केळी उन्हात. मंग खरं कोनाचं?” मग त्यांनी स्वतःचं थर्मामीटर आणून बागेत टांगलं, आणि आकडा लिहायचं काम धाकट्या मुलीकडे दिलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढे विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बिघडला की तो उघडून बघायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं.

आयटीआय झाल्यावर तिला झुलाल मिस्तरींनी ठेवून घेतलं. दया म्हणून नाही. एका जीपचा शॉर्ट ते दोन दिवस शोधत होते. तिनं टेस्ट लॅम्प घेऊन वीस मिनिटांत तारेवर बोट ठेवलं. मिस्तरींनी विडी विझवली आणि म्हणाले, “उद्यापासून ये. चहा मात्र मी करणार नाही आणि तूही करायचा नाहीस, टपरीवरून येतो.” तिच्या आयुष्यात तिला मिळालेली सगळ्यात सरळ नोकरी ती हीच.

मिस्तरी गेल्यावर तिनं स्वतःचं दुकान टाकलं. नवीन गिऱ्हाईक आलं की संवाद ठरलेला असायचा.

“मिस्तरी कुठे गेलेत?”

“समोर आहे.”

“तसं नाही, माणूस मिस्तरी.”

“माणूसच आहे. बोनेट उघडा.”

लग्नाबद्दल गावात म्हणायचे की तोतारामच्या पोरीचं झालं नाही. ती म्हणायची, मी केलं नाही. आई, सुनंदाबाई, तिचे ग्रीसनं काळे झालेले हात रॉकेलनं पुसताना बडबडायची, पण पुसायची मात्र रोज. असं करता करता कामिनी एकेचाळीस वर्षांची झाली.

गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं, तेव्हा जुन्या मिस्तरींनी हात वर केले. कामिनीनं जुना लॅपटॉप घेतला. इंजिनाचा कारभार पाहणारा तो ॲल्युमिनियमचा डबा, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात, तिनं एकदा उघडून वाचला आणि तिला तिथं ओळखीचीच गोष्ट दिसली: एक वही. आडवे रकाने, उभे रकाने, घराघरात आकडे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय, त्याच्यावर किती भार आहे, त्यावरून पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची. या वहीला मॅप म्हणतात. शेवटी एक छोटी पट्टी असते. तिच्यात आत येणारी हवा किती गरम आहे त्याप्रमाणे सगळ्या आकड्यांची दुरुस्ती असते. लोक सगळा वेळ मोठ्या तक्त्यावर घालवतात आणि ती पट्टी कंपनीनं दिली तशीच राहू देतात. कामिनीला ती पट्टी पहिल्या दिवसापासून आवडली होती.

धरणगावचा भूपेंद्र तिच्याकडे आला तो ट्रॉलीवर गाडी घालूनच. त्याचे वडील गिरधरनाना यांची जिनिंग होती, आणि मुलाला कापसाहून वेगाचं वेड जास्त होतं. ती गाडी दिसायला फार काही नव्हती. नळ्यांची चौकट, त्यावर फायबरचं पातळ अंग, दोन बैठका, छप्पर नाही. वजन सहाशे चाळीस किलो. नाना म्हणायचे, “चार गाठींचंही वजन भरत नाही, आणि हिच्यात माणसानं बसायचं?” पण त्या हलक्या अंगात सोळाशे सीसीचं जपानी इंजिन होतं. खालच्या फेऱ्यांवर आळशी आणि सहा हजारांच्या वर जागं होणारं. अशा गाडीला ताकद जोरानं मिळत नाही, फेऱ्यांनी मिळते. फेरे कापले की तिच्यात उरतं काय?

आणि फेरेच कापलेले होते. भूपेंद्रनं पुण्याच्या एका तज्ज्ञाकडून डबा बसवून घेतला होता. त्यानं सात हजार दोनशेवर कुलूप घातलं होतं. भूपेंद्रनं तिच्या समोरच त्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“तुमच्याकडच्या हवेत हे इंजिन एवढंच पळेल,” पलीकडून शांत, सुशिक्षित आवाज आला. “खानदेशातला उन्हाळा कुठलंही इंजिन खातो. ऐका माझं, त्याच्या वर जाऊ नका.”

कामिनी फोनकडे वाकली. “साहेब, हवा आमची आहे. इंजिनाला ती कशी पाजायची ते आम्ही बघतो.”

पलीकडून प्रश्न आला, “आपण कोण?”

“इलेक्ट्रिशियन,” ती म्हणाली.

फाल्गुनात तिनं तो कुलूपबंद डबा काढला आणि सगळे रकाने उघडे असलेला नवीन डबा बसवला. चारही सिलिंडरना आपापलं वेगळं हवेचं तोंड दिलं, इंजेक्टर बदलले, सगळी वायरिंग आपल्या हातानं पुन्हा ओढली. फेऱ्यांची मर्यादा तिनं आठ हजार चारशे ठरवली. भूपेंद्रला विचारून नाही, इंजिनाला विचारून. विचारायची तिची रीत वेगळी होती. चुकीच्या वेळी ठिणगी पडली की पेट्रोल आतल्या आत फुटतं आणि बारीक टकटक येते. ती वाढली तर पिस्टन जातो. ती टकटक ऐकायला तिनं सोनगीरच्या तांबटाकडून तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून आणली होती. चपटं टोक इंजिनाला बोल्टनं आवळायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानावर जुने इयरमफ. तांबटानं विचारलं होतं, “डॉक्टरीण का?” तिनं हो म्हणून मान हलवली होती.

नानांच्या जिनिंगची एक शेड उन्हाळ्यात रिकामी असायची. तिथं जुने रोलर बसवून गाडी जागच्या जागी पळवायची सोय केली. चैत्र आणि वैशाखाचा निम्मा महिना कामिनी पहाटेच निघायची. काम पाच ते नऊ. नऊनंतर खानदेशात कोण काम करतं? दहाला बाजारपेठेची शटरं अर्धी खाली येतात, लोक खिशात कांदा ठेवून गल्लीतून सावली सावलीनं घरी जातात, आणि पाचपर्यंत गाव दार लावून पडून राहतं. ती अशीच वाढली होती. सकाळचं काम सकाळी. मॅप एकेका घरानं भरत गेला आणि एका सकाळी गाडीनं आठ हजार चारशेला असा काही स्वच्छ सूर लावला की भूपेंद्र बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला.

मे महिन्यात धुळ्याबाहेरच्या एका धावपट्टीवर दोन दिवसांची शर्यत होती. गाड्या एकेक करून सुटायच्या आणि घड्याळाशी लढायच्या. शनिवारी सराव, रविवारी खरी फेरी. पुण्याचे साहेबही आले होते, दुसऱ्या एका संघाबरोबर. पांढरी टोपी, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी कामिनीला पाहून नमस्कार केला, तिनंही केला.

सरावात भूपेंद्रचा नंबर दीड वाजता आला. त्याआधी पाऊण तास गाडी रांगेत उभी, डोक्यावर ऊन, खाली तापलेलं डांबर. भूपेंद्र सुटला, दुसरा गिअर, तिसरा, आणि मध्येच गाडीचा जोर गेला. तो हळूहळू परत आला. हेल्मेट काढलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“अक्का, सहा हजाराला डब्यात दाणे हलवल्यासारखं झालं. मी पाय काढला.”

“बरं केलंस,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप जोडला.

नाना मांडवातून उठून आले. काय बिघडलं ते विचारायची त्यांना गरज नव्हती, सांगायला पुण्याचे साहेब त्यांच्या शेजारीच उभे होते. “मी म्हटलं होतं,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे जास्त टोचलं. “हवा गरम झाली की असं होतंच. मॅडमची मेहनत दिसतेय. पण सात दोनशेच्या आत राहिलेलं बरं.”

“जुना डबा टेम्पोत शे ना?” नानांनी मुलाला अहिराणीत विचारलं.

“शे.”

“मग बसव. उद्यापर्यंत.” आणि कामिनीकडे न बघता, “पोरी, हौस झाली आता.”

तिनं पिशवीतून वही काढली. इंजिनाच्या कामाची वही आणि दुकानातली आकड्यांची वही एकच होती, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. पानं उलटताना तिला ते दिसलं. सहा वाजता सत्तावीस. साडेसातला एकोणतीस. साडेआठला बत्तीस. सगळ्या पानांवर, सगळ्या महिन्यांत, मॅपच्या कामातही. चौतीसच्या पुढे एकही आकडा नाही. पट्टीतले चाळीस, पंचेचाळीस, पन्नास हे रकाने तिनं शेजारच्या रकान्यातून पुढे ओढून भरले होते, पुढे लिहायला काही नसलं की आपण वरच्यासारखंच अशी खूण करतो तसे. इतकी वर्षं तापमान लिहिणाऱ्या बाईच्या वहीत दुपार नव्हती. ती कधी दुपारी बाहेर उभीच राहिली नव्हती.

तिला आधी लाज वाटली. मग तिनं लॅपटॉपवरची फेरी पुन्हा पाहिली आणि लाजेच्या जागी दुसरंच काही आलं. हवेचा सेन्सर अडुसष्ट अंश सांगत होता. अडुसष्ट? धुळ्यात ऊन कितीही असो, हवा अडुसष्ट नाही. सेन्सर इंजिनाजवळच्या धातूत बसवलेला होता. रांगेत उभ्या गाडीचा धातू तापला, सेन्सर त्या धातूचा ताप हवेचा म्हणून सांगत राहिला. डब्याला वाटलं, इतकी गरम हवा म्हणजे विरळ हवा, आणि त्यानं पेट्रोल कापलं. पेट्रोल कमी, ठिणगी सकाळच्याच वेळेला, मग इंजिन टकटकणार नाही तर काय करेल? शेडमध्ये पंखा होता, रांग नव्हती. तिथं हे कधी उघडं पडलंच नसतं.

यंत्र कुठे उभं आहे, हे आधी बघायचं. वडील आयुष्यभर तेच सांगत होते.

“नाना,” ती म्हणाली, “टकटक सहा हजाराला झाली. सात हजार दोनशेच्या वर नाही. वरच्या फेऱ्यांवर टकटकायला इंजिनाला वेळच नसतो. दुखतंय पोट आणि तुम्ही सगळे मान कापायला निघालात.”

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण ते नाही म्हणाले नाहीत. नानांनी ते पाहिलं.

अडीचला धावपट्टी रिकामी झाली. लोक मांडवात ताक पिऊन आडवे झाले. कामिनी आयोजकांच्या टेबलाजवळ गेली आणि साडेचारपर्यंत धावपट्टी मागितली.

“आता? या उन्हात?” खुर्चीतला माणूस म्हणाला. “बाई, माणसं पडतील.”

“मी पडले तर सही करून देते.”

त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. “ॲम्ब्युलन्स पाचपर्यंतच आहे,” तो गंभीरपणे म्हणाला.

सेन्सर धातूतून काढून पुढच्या हवेच्या तोंडाशी आणायचा होता, पण तिथं त्याला बसवायचं कशात? धातू पुन्हा तापला असता. धावपट्टीच्या कुंपणाला लागून एका शेतकऱ्याचं वावर होतं. बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्यांचं वेटोळं पडलेलं. शेताचा मालक, चुडामण नावाचा म्हातारा, निंबाखाली बसून गाड्या बघत होता.

“आबा, यातलं एक रबरी बूच घेऊ का?”

“बठ्ठं वेटोळं लई जा,” आबांनी सगळंच देऊ केलं. “पन त्या गाडीले पानी लागस का?”

“हवा लागते, आबा.”

ठिबकचं रबरी बूच त्या तोंडापुढच्या हवेच्या पेटीत भोक पाडून बसवलं, त्यात सेन्सर. रबर ताप पोचू देत नाही. तिथं थर्मामीटरनं चव्वेचाळीस दाखवले, सेन्सरनं सेहेचाळीस. दोन अंशांची भांडणं तिला मान्य होती.

मग ती डोक्याला ओला पंचा बांधून भूपेंद्रच्या शेजारच्या बैठकीत बसली. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला लॅपटॉप, कानावर सोनगीरच्या नळीचे मफ. प्रत्येक फेरीआधी गाडी मुद्दाम पाच मिनिटं उन्हात उभी. भूपेंद्रनं एकदा रेडिएटरवर पाणी मारायला बाटली उचलली.

“ठेव ती. गरमच राहू दे.”

“अक्का, मी भाजतोय.”

“तू नाही, इंजिन काय म्हणतं ते महत्त्वाचं. त्याला गरम असतानाच विचारायचंय.”

एकेक रकाना. चाळीसला ठिणगी थोडी उशिरा, पंचेचाळीसला आणखी थोडी, तीही फक्त पाच ते सात हजार फेऱ्यांच्या मधल्या घरांत. पेट्रोल जरा जास्त. वरच्या घरांना तिनं हातही लावला नाही. टकटक आली की ती भूपेंद्रच्या खांद्यावर बोट आपटायची, तो पाय काढायचा, ती आकडा बदलायची, पुन्हा. अकराव्या फेरीत तिनं बोट आपटलं नाही. बाराव्या फेरीतही नाही. इंजिन तापलेल्या हवेत वर चढत गेलं, कानातल्या नळीतून फक्त एक लांब, सलग धाप येत होती, आणि धावपट्टीच्या टोकाला पोचल्यावर भूपेंद्रनं विचारलं, “काय शे अक्का? ठीक शे ना?” तिनं मफ काढले. तिनं नुसता अंगठा लॅपटॉपच्या बटणावर दाबला आणि मॅप डब्यात कायमचा लिहून टाकला.

रविवारी सकाळी साहेब स्वतः भूपेंद्रच्या तळावर आले. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरले होते. भूपेंद्रचा शेवटचा, पावणेदोनचा.

“आमच्या गाडीचा नंबर आठ वीसचा आहे,” ते नानांना म्हणाले. “बदलून घेऊ. आयोजकांची हरकत नाही. सकाळच्या हवेत मॅडमचा मॅप सुंदर चालतो, भूपेंद्रनं काल शेडमधले आलेख दाखवलेत मला. काल जे झालं ते कुणाला आठवणारही नाही.”

नानांचा चेहरा मोकळा झाला. “हे बरं झालं. देव माणूस आहात.”

“नको,” कामिनी म्हणाली.

“काय नको?”

“सकाळ नको. सकाळचं मला माहीत आहे.”

“अक्का,” भूपेंद्र हळूच म्हणाला.

“साहेब, तुमचे आभार. पण सकाळी ही गाडी कितीही पळाली तरी तुम्ही म्हणाल, सकाळ होती. मला तुमचं वाक्य पुसायचंय. ते दुपारचं वाक्य आहे, ते दुपारीच पुसायला पाहिजे.”

नाना तिच्यासमोर येऊन उभे राहिले. जिनिंगवर शंभर माणसं त्यांच्या आवाजानं हलायची. “गाडी माझी आहे, पोरी.”

“गाडी तुमची. मॅप माझा. काढा म्हणालात तर दहा मिनिटांत काढते, पण मग ही गाडी आठ वीसलाही माझ्या मॅपवर पळणार नाही.”

भूपेंद्र बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता. तसाच खाली बघत म्हणाला, “चालवायची मला आहे, नाना. मी पावणेदोनलाच जाणार.”

नानांनी मुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “एक फेरी,” ते म्हणाले. “दाणे वाजले, तर डबा बदलेल आणि तुझा हात या गाडीला पुन्हा लागणार नाही. धरणगावातल्या कुठल्याच गाडीला लागणार नाही.”

“चालेल.”

पावणेदोनला थर्मामीटर पंचेचाळीस दाखवत होतं. त्याआधीची रांग चाळीस मिनिटांची होती. बाकी संघांनी बोनेटवर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. कामिनीनं काही ठेवलं नाही. ती धावपट्टीच्या कडेला उघड्या उन्हात उभी राहिली. कुणीतरी छत्री पुढे केली ती तिनं घेतली नाही. नाना मांडवाच्या कनातीशी उभे होते, पुण्याचे साहेब त्यांच्या एक पाऊल पुढे.

निशाण पडलं. पहिला गिअर, दुसरा. सहा हजार यायची जागा तिला पाठ होती. तिथं आवाज अडकला नाही. सात हजार. सात हजार दोनशे, जिथं त्या दुसऱ्या डब्यानं दार लावलं असतं. आवाज त्याच्या पुढे गेला, आणखी वर, बारीक आणि ताणलेला, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दमात. कुंपणाकडे निंबाखाली चुडामण आबा उठून उभे राहिले.

भूपेंद्र चौथा आला. पहिले तिघे सकाळी पळाले होते. बारानंतर पळालेल्या सात गाड्यांत त्याच्यापुढे कुणी नव्हतं.

साहेब लॅपटॉपजवळ आले, खाली वाकून त्यांनी फेरीचा आलेख पाहिला. आठ हजार तीनशे ऐंशी. टकटकीची रेघ सपाट. मग गाडीच्या पुढे गेले आणि काळ्या रबरी बुचावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे कुठलं?”

“त्या शेतातलं,” ती म्हणाली.

त्यांनी खिशातून फोन काढला, विचारलं, “फोटो घेऊ?” आणि तिनं मान हलवल्यावर दोन बाजूंनी फोटो घेतले. जाताना म्हणाले, “तुमच्याकडच्या हवेत,” आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

टेम्पोजवळ जाऊन नानांनी तो कुलूपबंद डबा उचलला, पिशवीत घातला, आणि पिशवी मुलाला नाही, साहेबांच्या माणसाला दिली. मग परत येऊन ट्रॉलीचे पट्टे आवळायला लागले. एक पट्टा कामिनीनं धरला. दोघांनी मिळून तो ओढला.

गाडी ट्रॉलीवर चढली, आणि सगळे टेम्पोत बसले. ऊन अजून उतरलं नव्हतं. कामिनीनं मान मागे टेकवली, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “भूपेंद्र, पारोळ्याला थांब जरा. घरात दूध नाहीये.”